ओव्हरड्राफ्ट लपवणारा कार्यकर्ता

नायगावात आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी अभ्यासवर्ग असतो. मागच्या महिन्यात विषय होता बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. वक्ता तयारीचा होता. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., मग हिल्टन यंग आयोगापुढची साक्ष, मग १९३५ साली रिझर्व्ह बँक. टाळ्या झाल्या. तेवढ्या वेळात मागच्या रांगेतला एक पोरगा तीनदा उठून बाहेर गेला. चौथ्यांदा मीही त्याच्या मागून गेलो. तो जिन्यात उभा राहून दबक्या आवाजात बोलत होता, "सर, सात तारखेला पगार होतो. सात तारखेला नक्की भरतो सर." रविवारचे साडेसात वाजले होते.

मला बघून त्याने फोन खिशात घातला. "दादा, वर्गात कुणाला सांगू नका."

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे, त्या पोराच्या नाही. त्याचं वय पंचवीस. एका खासगी कंपनीत कंत्राटावर काम करतो, जयंतीला सगळ्यात आधी हजर असतो, वर्गणीचं पावतीपुस्तक त्याच्याकडे असतं. त्याने मंडळाच्या एका रुपयाचा हिशेब कधी चुकवला नाही. स्वतःवर किती कर्ज आहे हे मात्र त्याला नीट सांगता येईना. "असेल लाखभर" म्हणाला. दोन दिवसांनी आम्ही कागद घेऊन बसलो तर एक लाख एकोणचाळीस हजार निघाले.

त्याला बोल लावण्याआधी माझं सांगतो. समाजशास्त्रात एम.ए. केलं, एका संस्थेत नोकरीला लागलो, पगार अठ्ठावीस हजार. बँकेने आपणहून पगारावर ओव्हरड्राफ्टची मर्यादा दिली, पंच्याहत्तर हजारांची. संस्थेचं अनुदान रखडलं की आमचा पगार दोन-दोन, तीन-तीन महिने थकायचा. मी ओव्हरड्राफ्टमधून घर चालवलं. वरून क्रेडिट कार्डावर चाळीस हजार चढले. त्या काळात मी वस्त्यांमधल्या बायकांना बचतगटाचं प्रशिक्षण देत होतो! खर्चाची वही कशी ठेवायची ते फळ्यावर लिहून दाखवत होतो आणि माझं स्वतःचं खातं उणे पंच्याहत्तर हजारांवर होतं. घरी आईला माहीत नव्हतं, चळवळीतल्या मित्रांना तर नाहीच नाही. अर्थव्यवस्थेवर भाषण करणाऱ्या माणसाला बँकेतून फोन येतात, हे कुणाला कळता कामा नये असं वाटायचं.

ओव्हरड्राफ्ट ही चीज समजून घ्या, कारण साध्या कर्जापेक्षा ती जास्त फसवी आहे. साध्या कर्जाला हप्ता असतो. हप्त्यात व्याज जातं, मुद्दलही थोडं थोडं जातं, आणि कधीतरी ते संपतं. पगारावरच्या साध्या ओव्हरड्राफ्टला हप्ता नसतो. दर महिन्याला फक्त व्याज कापलं जातं. माझं सोळा टक्क्यांनी महिन्याला एक हजार कापलं जायचं. मुद्दल भरा असं कुणी म्हणत नाही, बँक तर अजिबात म्हणत नाही. पगार झाला की उणे पंच्याहत्तरचे उणे सत्तेचाळीस व्हायचे आणि वीस-बावीस तारखेपर्यंत परत पंच्याहत्तर. सगळ्यात वाईट म्हणजे मोबाइलवर दिसणारी 'उपलब्ध शिल्लक'. माझ्या बँकेच्या ॲपमध्ये तिच्यात उधारीची मर्यादाही धरलेली असायची. पगाराच्या दिवशी मला अठ्ठावीस हजार 'शिल्लक' दिसायचे, आणि ते माझे नव्हतेच. दोन वर्षांत मी चोवीस हजार व्याज भरलं आणि मुद्दल जिथल्या तिथे.

कार्डाचं गणित याहून भयंकर आहे. चाळीस हजार थकले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे चौदाशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, दोनशे बावन्न. एकूण सोळाशे बावन्न. मी भिऊन दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरायचो, दोन हजार. त्यातून कर्ज किती कमी व्हायचं? तीनशे अठ्ठेचाळीस रुपये. आणि मला वाटायचं आपण इमानदारीने भरतोय.

आता कुणी म्हणेल, हा तर तुमचा बेशिस्तपणा. समाजमाध्यमांवर असं सांगणारे पायलीला पन्नास झालेत. बाहेरची कॉफी बंद करा, पगाराच्या वीस टक्के गुंतवा, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त व्हा. या लोकांना एकच विचारावंसं वाटतं : तुमच्या पहिल्या पगारातून घरी किती गेले? ज्याच्या बापाचं स्वतःचं घर आहे, आजोबांची जमीन आहे, मामा बँकेत आहे, त्याचा पगार हा त्याचा एकट्याचा पगार असतो. आमच्याकडे पहिल्या पिढीचा पगार येतो तेव्हा त्यावर आधीच बापाचं औषध, बहिणीची फी आणि गावच्या घराचा पत्रा लिहिलेला असतो. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती वर्ष संपलं तरी येत नाही, मग फी कुठून भरायची? उसनवारीतून. बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात बसावं लागलं. त्या काळात त्यांचं जेवण कुणी दिलं? कुणाच्या तरी उधारीने. सरकारने वेळेवर द्यायचे पैसे आमची पोरं स्वतः व्याज भरून उभे करतात. हा खर्च कुठल्या बजेटात दाखवला जातो ते मला सांगा. आरक्षणाच्या जागा भरायच्या नाहीत आणि कामं कंत्राटावर काढायची, म्हणजे पगार कमी, सुट्टी नाही, दिवाळीनंतर नोकरी राहील की नाही त्याचा पत्ता नाही. अशा माणसाला शिस्तीचं व्याख्यान देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

नायगावला हे नवं नाही. बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्याच काळात, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणगावातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास या अधिकाऱ्याचा अहवाल १९२३ ला आला, म्हणजे 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'च्याच वर्षी. जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात होती. पठाण सावकार आणि दुकानदार रुपयामागे महिन्याला एक आणा घ्यायचे. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे वर्षाला पंच्याहत्तर टक्के. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दारात उभा असायचा, हे आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोबांनी सांगितलंय. त्यात आपल्या माणसांची वेगळी गोष्ट होती. अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत, कारण कांडी बदलताना धागा तोंडाने ओढायचा असे आणि तिथे विटाळ आडवा यायचा. चांगला पगार मात्र विणखात्यातच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी विणखातं उघडा ही मागणी लावून धरली ती म्हणून. ज्याला जातीमुळे कमी पगार, त्याला जास्त कर्ज. इतकं सरळ गणित आहे.

आज पठाणाची काठी गेली, पण व्याज बघा. कार्डाचे साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं होतं की तीस टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द करून घेतला. परवाना घेतलेल्या खासगी सावकाराने किती व्याज घ्यायचं ते महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली राज्य सरकार ठरवतं. बँकेबाबत मात्र व्याज फार आहे एवढ्याच कारणावरून कोर्टालाही व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१-अ आडवं येतं. उद्योगपतीचं कर्ज बुडालं की बँका बसून ठरवतात की किती सोडायचं, आणि त्याला 'हेअरकट' असं गोंडस नाव आहे. बीडीडीतल्या पोराचे चार हजार थकले की त्याच्या मावशीला फोन जातो.

इथपर्यंत सगळे माना डोलावतील. व्यवस्थेवर टीका करणं आपल्याला येतं. पुढचं ऐकायला जड आहे, पण तेच सांगायला हा लेख लिहितोय. कर्जाचं कारण सामाजिक आहे म्हणून कर्जाचं गणित टळत नाही. व्यवस्थेला शिव्या घालून माझे तीनशे अठ्ठेचाळीस रुपये तीनशे पन्नाससुद्धा झाले नाहीत. आणि चळवळीत आपण पैशाचं बोलणं हलकं समजतो. पैशाचा हिशेब म्हणजे वाण्याचं काम, आपण विचाराची माणसं, अशी एक फुशारकी आपल्यात शिरली आहे. ती बाबासाहेबांकडून आलेली नाही.

३१ मे १९३६ ला इथेच, नायगावात, मुंबई इलाखा महार परिषदेत बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. ते भाषण आपण धर्मांतरासाठी वाचतो. त्यात त्यांनी माणसाच्या तीन बळांचा हिशेब मांडलाय : मनुष्यबळ, धनबळ, मनोबळ. आपल्याकडे धनबळ का नाही याची कारणं तिथे एकेक करून दिली आहेत, व्यापार नाही, नोकरी नाही, जमीन नाही. पोटापाण्याची ही गोष्ट त्यांनी थेट मुक्तीच्या भाषणात घातली. आणि स्वतः बाबासाहेबांनी कर्ज काढलं नाही का? १९२० साली शिक्षण पुरं करायला लंडनला परत जाताना सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, असा पैसा उभा केला. कशासाठी घेतलं, किती घेतलं, कुणाकडून घेतलं, सगळं स्पष्ट. उधार घेण्यात लाज नव्हती आणि उधळायला एक पेनीही नव्हती.

रमाईच्या तीस पुड्यांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. महिन्याच्या पैशाच्या तीस पुड्या बांधायच्या आणि दिवसाला एकच सोडायची. आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. अहो, ते बजेट आहे! तुटपुंज्या पैशात महिना कसा काढायचा याची ती पद्धत आहे, आणि आजच्या कुठल्याही ॲपपेक्षा सोपी आहे. रमाईचा फोटो हॉलमध्ये लावणाऱ्या किती घरांत आज महिन्याचा खर्च लिहिला जातो?

आपल्या खर्चाबद्दलही बोलूया. जयंतीला डीजे नको असं म्हटलं की काही मित्र चिडतात. सवर्णांच्या गणपतीला चालतं, आमच्या जयंतीला का नाही? बरोबर आहे, तुमचा मुद्दा समानतेचा आहे. पण त्या डीजेसाठी ज्या पोराने पाच हजार वर्गणी कार्डावरून दिली, तो ती किती महिने फेडत बसतो ते कुणी विचारलंय? लग्नाचा हॉल, बारशाचा हॉल, बाइक, आणि आता नव्या टॉवरमधलं घर. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात जाणार, तर चाळीतलं कपाट तिकडे शोभणार नाही म्हणून जायच्या आधीच सोफ्याचा ईएमआय सुरू. चांगलं राहावं, चांगलं ल्यावं हा आपला हक्क आहे, बाबासाहेबांचा सूट त्यासाठीच आहे. पण सूट उधारीचा असेल तर त्याची कॉलर सावकाराच्या हातात असते. कर्जात बुडालेला माणूस संपात उतरत नाही, मुकादमाने शिवी दिली तरी गिळतो आणि निवडणुकीत पाकीट घेतो. हे मी वस्तीत बघतो. मला स्वतःला संस्थेतल्या एका अन्यायावर बोलायचं होतं आणि मी गप्प बसलो, कारण सात तारीख होती.

मी कसा निघालो ते सांगतो, जमेल तेवढं घ्या. पहिलं काम, सगळं एका कागदावर लिहिलं आणि आईपुढे ठेवलं. ती दहा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं दारूबिरूचं काही असेल." दुसरं, महिन्याचा खर्च लिहिला. घरी नऊ हजार, बहिणीची फी तीन हजार, प्रवास बाराशे, बाहेरचं खाणं-चहा अडीच हजार, मोबाइल चारशे, चाळीतली भिशी दोन हजार, विहार आणि जयंती पाचशे. बेरीज अठरा हजार सहाशे. म्हणजे नऊ हजार चारशे उरायला हवे होते. व्याज आणि मिनिमम ड्यूचे तीन हजार सोडले तरी सहा हजार चारशे कुठे जात होते ते मला सांगता येईना. आहेर, मित्राला उसने, रात्री उशीर झाला म्हणून टॅक्सी, सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात घेतलेली पुस्तकं (त्यातली निम्मी अजून उघडलेली नाहीत, हेही कबूल करतो).

मग कार्ड कापून टाकलं आणि आधी त्यावरच हल्ला केला, कारण बेचाळीस टक्के तिथे होते. महिन्याला सहा हजार. आठ महिन्यांत कार्ड संपलं. ओव्हरड्राफ्टचं तोवर फक्त व्याज भरलं. पुढे बारा जणांच्या भिशीत माझा नंबर लागला, चोवीस हजार आले, ते तसेच्या तसे ओव्हरड्राफ्टमध्ये टाकले. आणि मुख्य गोष्ट, बँकेत जाऊन लेखी अर्ज दिला की माझी मर्यादा पंच्याहत्तरवरून एक्कावन्न हजार करा. जेवढं फेडलं तेवढी मर्यादा खाली आणायची, नाहीतर ते पैसे परत 'उपलब्ध' दिसतात. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "वाढवायची की कमी करायची?" त्याला दोनदा सांगावं लागलं. वडिलांच्या आजारपणात तीन महिने काहीच भरता आलं नाही. सगळं मिळून वीस महिने लागले.

हे मला जमलं कारण माझा पगार पुढे वेळेवर होऊ लागला आणि घरात कमावणारा आणखी एक माणूस होता. ज्याच्याकडे हे दोन्ही नाही, त्याला वीस महिन्यांची गोष्ट सांगून काही होणार नाही. त्याच्यासाठी बाकीच्यांनी उभं राहावं लागेल. म्हणून म्हणतो, हा विषय विहारात आणा. आपल्या बायकांनी भिशी आणि बचतगट बँकांच्या कितीतरी आधीपासून चालवलेत, त्यांच्याकडून शिका. बेचाळीस टक्क्यांचं कर्ज गटातल्या कमी व्याजाच्या पैशातून फेडता येतं. जनधन खात्यावर पात्र असाल तर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, तीही मागून घ्या, पण ती पण उधारीच आहे हे विसरू नका.

आणि वसुलीवाल्यांना घाबरू नका. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, शिवीगाळ करायची नाही. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायची परवानगी नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत. ॲपवाला फोटो बदलून धमकावत असेल तर १९३० वर फोन आणि पोलीस ठाणं. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, पण चेक किंवा बँकेचा ऑटो-डेबिट परत गेला तर त्याचा खटला होऊ शकतो, तेव्हा त्या तारखांना सांभाळा. चाळीच्या गॅलरीत उभं राहून कुणी जातीवरून बोलला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलंय, हे ठाण्यात सांगायची वेळ अजूनही येते.

त्या पोराची परवानगी घेऊन हे लिहिलंय. त्याची तीन ॲप, एक कार्ड, एक ओव्हरड्राफ्ट. ॲपच्या साडेसातच्या फोनची नोंद वेळेसकट जपून ठेवली आहे, लेखी तक्रार गेली आहे. कार्डावर या महिन्यात त्याने मिनिमम ड्यूऐवजी साडेचार हजार भरले. पुढच्या रविवारी वर्गात 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चा दुसरा भाग आहे. त्यानंतर अर्धा तास राखून ठेवलाय. येताना पासबुक आणा, मी माझं जुनं स्टेटमेंट आणतो.

जय भीम.